घरी लेझरवर पिस्तुलाचा सराव : ठिपका सगळ्यात शेवटी बघा

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने लेझर घेतला, म्हणजे गोळीऐवजी लक्ष्यावर प्रकाशाचा ठिपका पाडणारं सरावाचं साधन, तेव्हा तो फार खुशीत होता. महिनाभर त्याने रोज घरी सराव केला. भिंतीवरच्या कागदावर दहाच्या वर्तुळाला चिकटून ठिपके पडायला लागले. मग तो रेंजवर आला आणि स्कोअर आधीपेक्षा खाली गेला. दोन-तीन सिरीज (दहा-दहा शॉटचे गट) मी लक्ष्याकडे पाहिलंच नाही, बाजूला उभा राहून फक्त त्याचा चेहरा बघितला. शॉट सुटायच्या क्षणी त्याची नजर फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेमाची खूण) सोडून लक्ष्यावर उडी मारत होती. घरी महिनाभर त्याच्या डोळ्यांनी हेच गिरवलं होतं, ट्रिगर दाबायचा आणि ठिपका कुठे पडला ते पटकन बघायचं.

पुढे जे लिहितो आहे त्याच्या मुळाशी हा प्रसंग आहे. लेझर हा सरावाचा साक्षीदार आहे. शॉट कसा गेला हे आधी तुम्ही सांगायचं आणि मग साक्षीदाराला विचारायचं. हा क्रम पाळला तर घरातल्या वीस-पंचवीस मिनिटांचा खूप फायदा होतो. क्रम उलटा झाला तर तीच मिनिटं नुकसान करतात. माझा अनुभव एका हाताने मारायच्या दहा मीटर एअर पिस्तुलाचा आहे, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील. दोन्ही हातांनी मारणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

लेझर काय दाखवतो आणि काय लपवतो

ट्रिगर सुटला की लेझरच्या मॉड्यूलमधून, म्हणजे पिस्तुलाला बसवलेल्या छोट्या यंत्रातून, प्रकाशाची एक छोटी चमक निघते, साधारण सेकंदाचा दहावा भाग टिकणारी. त्या वेळी नळी कुठे रोखलेली होती एवढंच ती सांगते. ते का घडलं हे ती सांगत नाही. पकड ढिली होती, बोट वाकडं दाबलं गेलं, मनगट मोडलं की हात थकला होता, हे तुम्हालाच शोधावं लागतं.

खऱ्या पेलेटपेक्षा (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळीपेक्षा) ही चमक तीन बाबतींत वेगळी आहे. पहिली बाब म्हणजे ती सरळ जाते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा पेलेट सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचे साताठ शतांश लागतात आणि तेवढ्यात तो दोन सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. तुमच्या साइट्स ही घट धरूनच लावलेल्या असतात. म्हणून नळीच्या अगदी रेषेत बसवलेला लेझर दहा मीटरवर पेलेटपेक्षा वर दिसणार, आणि तो फरक सहज दोन-अडीच रिंगांचा (लक्ष्यावरच्या एकेका गुणाच्या वर्तुळांचा) असू शकतो. यावर उपाय एकच, लेझर हलवायचा. ठिपका मध्यावर यावा म्हणून पिस्तुलाच्या साइट्सना हात लावू नका. रेंजवर गेल्यावर तो उद्योग फार महागात पडतो.

दुसरी बाब म्हणजे धक्का. घरी तो नसतो, त्यामुळे धक्क्याच्या भीतीने डोळे मिटणं, खांदा पुढे ढकलणं या खोडी लपून राहतात. एअर पिस्तुलात हा प्रश्न लहान आहे, दारूच्या काडतुसाच्या पिस्तुलात मोठा.

तिसरी बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ट्रिगर सुटल्यानंतर पेलेट नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात हात हलला तर पेलेट हलतो. लेझरची चमक त्याआधीच सुरू झालेली असते, आणि शॉट तिच्या सुरुवातीच्या जागेवरच मोजला जातो. म्हणजे खराब फॉलो-थ्रू (शॉट सुटल्यानंतरही हात आणि नजर जागेवर ठेवणं) लेझर माफ करतो आणि पेलेट करत नाही. घरी झकास दिसणारे ग्रुप (अनेक शॉटच्या ठिपक्यांचे पुंजके) रेंजवर का पसरतात याचं एक कारण हे.

कोणतं साधन घ्यावं

लेझर काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे खरं काडतूस बसतं त्या जागी, बसतं. फायरिंग पिन त्याच्या मागच्या गादीवर आपटली की चमक निघते. ते आपल्या पिस्तुलाच्या नेमक्या कॅलिबरचंच असावं लागतं. स्ट्रायकरवर (हॅमरऐवजी स्प्रिंगने आतून सुटणाऱ्या पिनवर) चालणाऱ्या पिस्तुलात प्रत्येक शॉटनंतर स्लाइड थोडी मागे ओढून पुन्हा ताणावी लागते, त्यामुळे सलग दोन शॉटचा सराव यावर होत नाही. बहुतेक सेंटरफायर पिस्तुलांना (ज्यांची पिन काडतुसाच्या मध्यावर आपटते) ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबणं, चालतो, तरी उत्पादकाची पुस्तिका वाचून घ्या. पॉइंट टू टू रिमफायरमध्ये (जिथे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते) मात्र चेंबर रिकामं ठेवून ट्रिगर दाबू नका. पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटून कड आणि पिन दोन्ही खराब होऊ शकतात. तिथे स्नॅप कॅप (पिनचा मार झेलणारं खोटं काडतूस) वापरा, किंवा पुस्तिकेत ड्राय फायर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो करा.

नळीवर, नळीखाली किंवा नळीच्या तोंडात बसणारी मॉड्यूल्स ट्रिगरच्या कंपनावर किंवा आवाजावर चालतात. एअर पिस्तुलवाल्यांना हीच सोयीची, कारण बहुतेक स्पर्धात्मक एअर पिस्तुलांत हवा न सोडता ट्रिगर चालवायची ड्राय फायरची सोय असते. पण मॉड्यूलला वजन असतं आणि ते नळीच्या टोकाकडे असेल तर पिस्तूल नाकावर जड होतं. जमेल तेवढं मागे, हाताजवळ बसवा. एअर पिस्तुलाची एकूण वजनमर्यादा १५०० ग्रॅम आहे. घरी तिच्यावर जाऊन सराव केला तर रेंजवर पिस्तूल अचानक हलकं वाटतं आणि होल्ड (नेम धरून हात स्थिर ठेवणं) बदलतो.

लेझर पिस्तूल हे वेगळंच यंत्र आहे. त्यातून काहीही उडू शकत नाही. काहींचा ट्रिगर आपोआप पुन्हा तयार होतो, त्यामुळे जलद शॉट्सचाही सराव करता येतो. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून एअर पिस्तूल गेलं आणि १० मीटरवर लेझर पिस्तूल आलं. त्या खेळाडूंचा घरचा सराव आणि स्पर्धा यांत मी वर सांगितलेला पेलेटचा फरक उरतच नाही. ज्यांच्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही किंवा घरात लहान मुलं आहेत, त्यांना मी हेच सुचवतो.

शेवटचा प्रकार माग काढणाऱ्या यंत्रांचा. स्कॅट हे त्यातलं नेमबाजांना माहीत असलेलं नाव. नळीवरचा सेन्सर लक्ष्य ओळखतो, आणि तुम्ही नेम धरल्यापासून शॉट सुटेपर्यंत व त्यानंतरही नळी कशी फिरली याची रेघ संगणकावर उमटते. लेझर एका क्षणाचा फोटो काढतो, हे यंत्र सगळा चित्रपट दाखवतं. दोन नेमबाजांचे नऊ गुणांचे शॉट सारखेच दिसतात. एकाचा होल्ड मोठा, म्हणजे हात जास्त फिरणारा असतो, दुसऱ्याचा होल्ड सुंदर पण शेवटच्या क्षणी ट्रिगरला हिसका असतो. हा फरक रेघेतच कळतो. क्लबमध्ये असं यंत्र असेल तर महिन्यातून एकदा त्यावर बसा आणि तिथे दिसलेली चूक घेऊन घरी लेझरवर काम करा.

लेझरच्या प्रकाशाबद्दल थोडं. डब्यावर वर्ग लिहिलेला असतो. वर्ग २ म्हणजे दिसणारा प्रकाश, शक्ती १ मिलिवॉटपर्यंत. डोळ्यांत गेला तर पापणी आपसूक मिटते आणि तेवढं संरक्षण पुरतं. ३आर वर्ग ५ मिलिवॉटपर्यंत जातो, घरी त्याची गरज नाही. हिरवा ठिपका लालपेक्षा उजळ दिसतो, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आहे. माझी पसंती तरीही लालला आहे. उजळ ठिपका नजर जास्त खेचतो आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे. अवरक्त लेझर डोळ्यांना दिसतच नाही आणि फक्त सेन्सरच्या लक्ष्यावर चालतो. नजर खेचली जात नाही हा त्याचा मोठा गुण. पण न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही, त्यामुळे तो कुणाच्याही डोळ्यांच्या दिशेने कधीच जाता कामा नये.

पिस्तूल हातात घेण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका. ड्राय सरावात होणारे अपघात बहुतेक एकाच वळणावर होतात. सराव संपतो, पिस्तूल पुन्हा भरलं जातं, आणि मग मनात येतं की अजून एक शॉट मारून बघू. म्हणून सुरुवात जशी ठरलेली असते तसा शेवटही ठरलेला हवा.

१. दारूगोळा, पेलेटचे डबे, भरलेली मॅगझिन, सगळं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावा. टेबलाच्या खणात ठेवलं म्हणजे झालं असं समजू नका.

२. मॅगझिन काढा, स्लाइड किंवा बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोट लावून बघा. नजर दुसरीकडे फिरवा आणि पुन्हा एकदा बघा. फोन वाजला, दारावर कोणी आलं, कोणत्याही कारणाने सराव तुटला तर ही तपासणी पहिल्यापासून करा.

३. लक्ष्यामागे अशी भिंत हवी जी चुकून सुटलेली गोळीसुद्धा अडवेल. पलीकडे कोणी झोपत असेल अशी पातळ भिंत, दार किंवा खिडकी चालणार नाही.

४. आरसा, काच, टीव्हीचा पडदा, चकचकीत कपाट नेमाच्या दिशेत नको. लेझर तिथून परत फिरतो.

५. घरातल्यांना सांगा. बाहेरून कोणाला हातातलं पिस्तूल दिसेल अशा खिडकीचे पडदे ओढा. परवाना आणि साठवणुकीचे जे नियम तुम्हाला लागू आहेत ते सरावाच्या वेळीही लागूच असतात.

६. सराव सुरू करताना मोठ्याने म्हणा, "ड्राय सराव सुरू." संपल्यावर म्हणा, "ड्राय सराव संपला." आणि लक्ष्य भिंतीवरून काढून टाका. लक्ष्यच नाही म्हटल्यावर अजून एक शॉट मारायची इच्छाही होत नाही.

नळीच्या तोंडात खुपसायचं मॉड्यूल असेल तर आणखी एक सवय लावा. त्याला भडक रंगाची लांब फीत बांधा, आणि काढल्यावर ते पिस्तुलाच्या पेटीत न ठेवता वेगळ्या डबीत ठेवा. ते नळीत विसरून खरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते. लेझर काडतुसाचंही तसंच आहे. ते दिसायला खऱ्या काडतुसाच्या इतकं जवळ असतं की दोन्ही एका डबीत कधीच येऊ नयेत.

अंतर, कागद आणि उंची

घरात दहा मीटर क्वचितच मिळतात. पाच मीटर मिळाले तरी छान काम होतं, तीनमध्येही चालतं. लक्ष्य मात्र त्याच प्रमाणात लहान करायला हवं. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, काळा गोल ५९.५ चा, आणि प्रत्येक रिंग आधीच्यापेक्षा सगळीकडून ८ मिलिमीटरने मोठी. पाच मीटरवर हे सगळं निम्मं करा, काळा गोल सुमारे ३० मिलिमीटर आणि दहा पावणेसहा मिलिमीटरचा. तीन मीटरवर काळा गोल १८ मिलिमीटरच्या जवळ येतो. साध्या, न चमकणाऱ्या कागदावर छापा. गुळगुळीत कागदावर लेझर पसरतो आणि कॅमेरा गोंधळतो.

उंचीत बरेच जण चुकतात. रेंजवर दहा मीटरवर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. घरी जवळ आणलेलं लक्ष्यही १.४० वरच लावलं तर हात जास्त खाली जातो आणि खांद्याला वेगळीच सवय लागते. तुमचा डोळा १.६० मीटरवर असेल तर दहा मीटरपर्यंत नजर २० सेंटीमीटर उतरते, म्हणजे पाच मीटरपर्यंत १०. तेव्हा पाच मीटरवर लक्ष्याचा मध्य १.५० वर लावा, तीन मीटरवर १.५४ वर. एकदा मोजून भिंतीवर पेन्सिलची खूण करून ठेवा.

जवळच्या अंतराची एक गंमत माहीत असलेली बरी, नाहीतर उगाच निराशा येते. साइट्सची आपसातली जुळणी बिघडली तर ती चूक अंतराबरोबर वाढते. दोन साइट्समध्ये ३२ सेंटीमीटर अंतर धरलं आणि फ्रंट साइट मागच्या (रिअर) साइटच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर फरक पडतो ३१ मिलिमीटरचा, जवळपास चार रिंगांचा. पाच मीटरवर फरक निम्मा, पण रिंगाही निम्म्या, म्हणून नुकसान तेवढंच. याउलट साइट्स जुळलेल्या असून सगळा हातच १ मिलिमीटर सरकला तर ठिपका कुठल्याही अंतरावर १ मिलिमीटरच सरकतो. लहान केलेल्या लक्ष्यावर तो दुप्पट वाटतो. म्हणजे घरी तुमचा होल्ड आहे त्यापेक्षा वाईट दिसणार. दिसू द्या. चार रिंग खाणारी चूक साइट्सच्या जुळणीची आहे, तिच्यावर लक्ष ठेवा.

उजेडाची कसरत असते. खोली अंधारी केली तर ठिपका छान दिसतो पण साइट्स दिसत नाहीत. दिवा आपल्या मागे आणि थोडा वर ठेवा, लक्ष्यावर मध्यम उजेड असू द्या. फोनच्या कॅमेऱ्याने ठिपके टिपणार असाल तर फोन स्टँडवर, नेमाच्या रेषेच्या बाजूला ठेवा, एक्स्पोजर कमी करून कायम करा आणि चौकटीत लाल वस्तू येऊ देऊ नका. उन्हाची तिरीप कागदावर आली की ठिपके मोजणारं फोनवरचं ॲप खोटे शॉट मोजू लागतं.

लेझर जुळवणं

पिस्तूल वाळूच्या पिशवीवर किंवा घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर टेकवा. रोजच्यासारखाच नेम धरा. तुम्ही काळ्या गोलाच्या खाली पांढरी फट ठेवून नेम धरत असाल तर इथेही तशीच फट ठेवा. पाच शॉट मारा, त्यांचा मध्य बघा, आणि मॉड्यूलच्या बारीक स्क्रूंनी तो मध्य दहावर आणा. एका शॉटवर कधीच जुळवू नका. पाच शॉटचा ग्रुपच मोठा येत असेल तर बहुधा मॉड्यूल ढिलं आहे, ते आधी आवळा. स्क्रू पूर्ण फिरूनही ठिपका जागेवर येत नसेल, तर तो कुठे पडतो ते लिहून घ्या आणि तिथेच नवा मध्य धरा. आपल्याला ग्रुप आणि अंदाज तपासायचा आहे, लेझर दहात पडायलाच हवा असं नाही.

प्रत्यक्ष सराव

पहिली पाच-सात मिनिटं लेझर बंद. पांढऱ्या, काहीही नसलेल्या भिंतीसमोर एखाद्या मीटरवर उभे राहा. लक्ष्य नाही, त्यामुळे डोळ्यांना बघायला फक्त फ्रंट साइट उरते. तिची कड धारदार दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा, माथा रिअर साइटच्या माथ्याशी सपाट. ट्रिगर दाबा. क्लिक झाला तेव्हा फ्रंट साइट हलली का, आणि कुठे? दहा-बारा शॉट फक्त एवढंच बघा. माझ्या मते या खेळात यापेक्षा जास्त फळ देणारा सराव नाही, आणि त्याला कसलंही साधन लागत नाही. नवीन माणसाने तर पहिले दोन आठवडे एवढंच करावं.

मग लक्ष्यासमोर या. लक्ष्याकडे रोखून हात उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, हात त्याच्या मर्जीने स्थिरावू द्या आणि डोळे उघडा. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे असेल तर हात ओढून मध्यावर आणू नका. मागचा पाय दोन-तीन सेंटीमीटर सरकवा आणि पुन्हा तपासा. शरीर आपसूक जिथे रोखतं ती दिशा लक्ष्यावर आणायची असते. ओढून आणलेला हात ट्रिगर सुटताना परत जातो, आणि लेझरवर तो फटका बाजूला गेलेला स्पष्ट दिसतो.

आता लेझर चालू करा, पण कागद उलटा लावा, कोरी बाजू समोर. दहा शॉट मारा. इथे मध्य नाही, स्कोअर नाही, फक्त ग्रुप बघायचा. ज्यांना दहाचा हव्यास आहे त्यांचा ट्रिगर कोऱ्या कागदावर एकदम मऊ होतो. तुमचा कोऱ्या कागदावरचा ग्रुप काळ्या गोलावरच्या ग्रुपपेक्षा लहान येत असेल, तर तुमचा हात ठीक आहे आणि अडचण नजरेत किंवा मनात आहे, हे निदान फुकट मिळालं.

यानंतर मुख्य काम, वीस शॉट, दहा-दहाच्या दोन सिरीजमध्ये. फोनचा आवाज बंद करा, पडदा झाका किंवा उलटा ठेवा. शॉट मारा. क्लिकनंतर दोन सेकंद हात जागेवर, नजर फ्रंट साइटवर, ट्रिगर मागेच दाबलेला. हात खाली आणा आणि वहीत आपला अंदाज लिहा, जसं 'नऊ, चार वाजता' किंवा 'दहा, वर'. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा लिहिणं सोपं पडतं. दहा शॉट संपल्यावरच पडदा बघा आणि प्रत्येक अंदाजाशेजारी खरा ठिपका लिहा. ॲप नसेल तर घरातल्या कोणाला तरी नेमाच्या रेषेपासून दूर, तुमच्या मागे बसवून ठिपके लिहायला सांगा.

सुरुवातीला अंदाज आणि ठिपका यांचा मेळ बसत नाही. आठ समजलात तिथे दहा निघतो, दहा समजलात तिथे सात. याचा अर्थ शॉट सुटला त्या क्षणी तुम्ही बघतच नव्हता. पापणी मिटली होती, नजर पुढे गेली होती किंवा मन पुढच्या शॉटवर होतं. अंदाज जुळायला लागला की समजा डोळे जागेवर आले. या टप्प्यावर स्कोअर कितीही कमी असला तरी मी शाबासकी देतो, कारण आपली चूक ज्याला दिसते तोच ती सुधारू शकतो.

लेझरचा शॉट फुकट असतो, त्यामुळे माणूस वाटेल तसा शॉट सोडून देतो. या फुकटपणाला बांध घाला. पिस्तूल नेमाच्या जागी स्थिरावल्यापासून सहा ते आठ सेकंदांत शॉट जायला हवा. दहा सेकंद झाले, श्वास कमी पडला, साइट धूसर झाली, मनात काही भलतंच आलं, तर हात खाली. वहीत अशा परत आणलेल्या शॉटसाठी एक फुली करा. वीस शॉटमध्ये तीन-चार फुल्या असणं मला चांगलं वाटतं. एकही फुली नसेल तर बहुधा तुम्ही स्वतःला फसवता आहात. शॉट रद्द करण्याची हिंमत स्पर्धेच्या दिवशी अचानक येत नाही.

ठिपका कसा वाचायचा

चमक टिकते तेवढ्यात नळी हलली तर ठिपक्याऐवजी छोटी रेघ उमटते. ही रेघ फार उपयोगी आहे. गोल ठिपका म्हणजे हात शांत राहिला. दहात सुरू होऊन खाली-डावीकडे ओढलेली रेघ म्हणजे शॉट बरा होता पण सुटताच हात सोडून दिला. अशा शॉटला ॲप दहा देईल, तुम्ही देऊ नका. रेघ सातपासूनच सुरू होत असेल तर बिघाड त्याआधी झाला आहे, बोटात किंवा पकडीत.

उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट अमुक दिशेला गेला तर अमुक चूक, अशी गोल तक्त्यांची चित्रं सगळीकडे दिसतात. खाली-डावीकडे जाणाऱ्या शॉटला हिसका कारण असतो हे पुष्कळदा खरं असतं. पण तीच दिशा ग्रिप हातात न बसल्यामुळेही येते, उभं राहणं चुकल्यामुळेही येते. तक्ता बघून एकदम ग्रिप घासायला घेऊ नका. कोऱ्या भिंतीवर परत जा आणि क्लिकच्या वेळी फ्रंट साइट कुठे जाते ते बघा. ती डावीकडे सरकत असेल तर बोटाचं पेर ट्रिगरवर थोडं मागे-पुढे करून बघा, दाबाची दिशा सरळ मागे यायला हवी. एका वेळी एकच बदल, आणि तो किमान तीन दिवस तसाच ठेवा.

ट्रिगरचं वजन (तो सुटायला लागणारा दाब) घरी हलकं करून सराव करण्याचा मोह टाळा. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅमचा. बोटाला घरी आणि रेंजवर तेच वजन लागलं पाहिजे.

जलद प्रकारांसाठी लेझर खूपच चांगला. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं, आणि हात ४५ अंशांवर खाली असतो. फोनवर सात आणि तीन सेकंदांचे आवाज रेकॉर्ड करून घ्या. हात वर येतानाच पहिला दाब ट्रिगरवर यायला हवा, आणि नजर हाताच्या आधी फ्रंट साइट येणार तिथे थांबलेली असावी. लेझरने इथे फक्त वेळेत शॉट गेला का एवढंच बघा, पहिले काही आठवडे ठिपका कुठे पडतो याची पर्वा करू नका.

नेहमी येणाऱ्या अडचणी

ठिपके अचानक फिके झाले किंवा मधेच उमटेनासे झाले तर आधी बटण सेल बदला. कंपनावर चालणारं मॉड्यूल पिस्तूल ताणतानाच चमकत असेल तर त्याची संवेदनशीलता कमी करा, तशी सोय नसेल तर ताणताना नळी लक्ष्यापासून खाली ठेवा म्हणजे ॲप ते मोजणार नाही. ग्रुप एका बाजूला हळूहळू सरकत असेल तर पाय सरकले की मॉड्यूल, हे टेकवून पाच शॉट मारून तपासा. आणि विसाव्या शॉटनंतर ग्रुप फुटत असेल तर तिथेच थांबा. थकलेल्या हाताने केलेला सराव थकव्याच्या हालचाली शिकवतो. आठवड्यातून पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटं हे एका रविवारी दोन तास करण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

वहीत रोज चार गोष्टी पुरतात, किती शॉट, किती फुल्या, किती अंदाज एका रिंगच्या आत जुळले, आणि उद्या कशावर काम करायचं. घरचा स्कोअर मी लिहायला सांगत नाही. लहान केलेल्या लक्ष्यावरचा, पेलेटशिवायचा तो आकडा रेंजच्या आकड्याशेजारी ठेवून काही कळत नाही.

चार शॉट घरी झाले की एक शॉट रेंजवर, असं काहीसं प्रमाण असू द्या, आणि रेंजवर गेल्यावर पहिले दहा पेलेट मॉनिटर झाकून मारा. घरच्यासारखाच अंदाज वहीत लिहा, दोन सेकंद हात जागेवर ठेवा, मग पडदा उघडा. घरी अंदाज जुळत होते आणि इथे नाहीत, तर फॉलो-थ्रूकडे बघा, लेझरने माफ केलेली चूक तिथेच असते. त्या मुलाला मी हेच करायला लावलं. पहिल्या दिवशी त्याचे दहापैकी दोन अंदाज जुळले. लेझर त्याने परत घरी नेला, पण फोनच्या पडद्यावर आता एक जाड पुठ्ठा चिकटवलेला असतो आणि तो दहाव्या शॉटनंतरच उचलला जातो.